चिनी लिपी ही चित्रलिपी नाही हो!

दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर चिनी अक्षरं म्हणजे चित्रंच असं सांगणारा तो फॉरवर्ड येतोच. छपराखाली बाई बसली की शांती, बाई आणि मूल शेजारी आले की चांगलं, झाडाआडून सूर्य डोकावला की पूर्व दिशा. खाली "केवढा सखोल विचार!" आणि जोडलेले हात. मी चिनी शिकते हे ठाऊक असल्यामुळे कुणीतरी मला टॅगही करतं. एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक चिकटवता येईल.

सुरुवात चित्रांपासून झाली हे कबूल. पण आज हातात असलेलं सगळ्यात जुनं भरपूर चिनी लेखन इ. स. पूर्व १२०० च्या आसपासचं आहे, आणि त्यातही अक्षरं उच्चारासाठी सर्रास वापरलेली दिसतात.

म्हणजे काय? समजा आपल्याकडे लिपीच नाही. 'कर', म्हणजे हात, लिहायला मी पंजा काढला. आता आयकरातला 'कर' कसा काढू? त्याला ना रूप ना आकार. मग तोच पंजा काढायचा, वाचणारा संदर्भाने समजून घेईल. तेव्हा उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या शांग राजांच्या लेखनिकांनी हेच केलं. 'येणे' या क्रियापदाचा उच्चार गव्हाच्या एका शब्दाशी जुळत होता, म्हणून गव्हाचं रोप काढून 'येणे' लिहिलं. विंचू गेला 'दहा हजार' या संख्येला. सूप, हो, आपलं धान्य पाखडायचं सूप, ते व्याकरणातल्या एका बारक्याशा शब्दाच्या कामाला लागलं. मग खऱ्या सुपाला काही उरेना, तेव्हा त्याच्या डोक्यावर बांबूची खूण चढवून वेगळं अक्षर केलं.

आणि ती झाडाआडची पूर्व? हे स्पष्टीकरण फॉरवर्डवाल्यांचं नाही, चांगलं जुनं आहे. इ. स. १०० च्या सुमाराला शू शन नावाच्या पंडिताने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला, त्यात ते आहे. फार मोठं काम केलं त्याने, पण सगळ्यात जुनी रूपं त्याच्या काळी जमिनीखाली गाडलेली होती. ती बाहेर आल्यावर दिसलं की हे अक्षर म्हणजे बहुधा दोन्ही तोंडं बांधलेलं गाठोडं आहे. पूर्वेशी त्याचा संबंध एवढाच की उच्चार जुळला.

ती बाहेर आली कशी, हाही मजेदार प्रकार आहे. उत्तर चीनमध्ये 'ड्रॅगनची हाडं' म्हणून जुनी हाडं औषधाच्या दुकानात विकली जात, कुटून रोग्याला देत. १८९९ मध्ये बीजिंगचे विद्वान अधिकारी वांग यीरोंग यांनी त्यांवर कोरलेली अक्षरं ओळखली. (त्यांना मलेरिया झाला आणि काढ्याच्या पुड्यात अक्षरं दिसली ही गोष्ट छान आहे, पण ती बरीच नंतर जन्माला आलेली.) पुढच्याच वर्षी परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या आणि वांग यांनी जीव दिला. हाडं येत होती आनयांगजवळच्या श्याओतुन गावातून. १९२८ मध्ये तिथे रीतसर उत्खनन सुरू झालं. आजवर दीड लाखाच्या आसपास तुकडे मिळालेत.

ही हाडं होती शकुन पाहायची. कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड घ्यायचं, मागून खळगे कोरायचे, तिथे निखाऱ्यासारखं काहीतरी तापलेलं टेकवायचं. पुढच्या बाजूला तडा जातो, राजा तो तडा 'वाचतो', आणि प्रश्नोत्तर तिथेच कोरून ठेवतात. माझा सगळ्यात आवडता लेख राजा वू दिंगच्या राणीचा, फू हाओचा आहे. प्रश्न असा: फू हाओचं बाळंतपण चांगलं होईल का? राजा तडा पाहून सांगतो, दिंग वारी झालं तर चांगलं, गंग वारी झालं तर फारच शुभ. (त्यांचा आठवडा दहा दिवसांचा, दिंग आणि गंग हे त्यातले वार.) आणि खाली निकाल: असे तीन आठवडे आणि एक दिवसाने, ज्याइन वारी बाळंत झाली. चांगलं झालं नाही. मुलगी झाली.

तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा हेच. आणि ही काही कुणी ऐरीगैरी नव्हे, फौजा घेऊन लढायला गेल्याच्या तिच्या नोंदी याच हाडांवर आहेत. १९७६ मध्ये तिची न लुटलेली कबर सापडली, आत तिचं नाव ओतलेली काशाची भांडी होती.

पण मुद्दा लिपीचा. राजाच्या त्या 'झालं तर' मध्ये मघाचं सूप बसलंय. शेवटच्या 'मुलगी झाली' मध्ये मुलगीच्या आधी चक्क एक पक्षी आहे, कारण पक्ष्याच्या त्या शब्दाचा उच्चार 'आहे' अशा अर्थाच्या शब्दाशी जुळायचा. चित्रं म्हणून वाचायला गेलात तर 'पक्षी-मुलगी' असं काहीतरी हाती लागेल.

पुढे या उधारीचा गोंधळ वाढला, तसा त्यावर उपायही निघाला: एक भाग उच्चाराचा, एक अर्थाचा. 'छिंग' हा उच्चाराचा भाग घ्या. त्याला पाणी जोडलं की स्वच्छ, वाणी जोडली की विनंती, हृदय जोडलं की भावना, सूर्य जोडला की निरभ्र. चारही 'छिंग'च, फक्त सूर काहींचे वेगळे. आज ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं याच जातीची आहेत. शिकणाऱ्याने या जोड्या धराव्यात, गोष्टी पाठ करत बसू नये. सातव्या शतकात ह्युएन त्संग आपल्याकडे येऊन गेला, त्याने 'महाराष्ट्र' कसं लिहिलं? मो-ह-ला-छा. चार अक्षरांचे अर्थ पार बाजूला, आवाज तेवढा घेतला.

या चित्रांच्या भक्तीतूनच दुसरं एक रडगाणं निघतं. १९५६ मध्ये चीनच्या सरकारने अक्षरं सोपी केली, तेव्हा 'प्रेमा'तलं हृदयच काढून टाकलं म्हणे! ऐकायला भारी वाटतं. सोपीकरणात काही अक्षरं खरोखर बिघडली, त्यावर भांडायला माझी हरकत नाही. पण ढगाचं अक्षर बघा. हाडांवर ते साधं, वळणदार होतं. पुढे तेच अक्षर 'म्हणणे' या शब्दासाठी वापरायला लागले, म्हणून खऱ्या ढगाच्या डोक्यावर पाऊस बसवावा लागला. १९५६ ने तो पाऊस उतरवला आणि अक्षर शांग राजांच्या काळात होतं तिथे जाऊन पोचलं. मूळ रूपाचा ज्यांना एवढा कळवळा आहे, त्यांनी निदान ढगापुरते तरी सरकारचे आभार मानावेत.