पागोळ्यांखालची पातेली

लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला मी मालवणला सासुरवाडीस गेलो, तेव्हा माझ्यात दोन उणिवा होत्या: मी मासे खात नव्हतो आणि मी लातूरचा होतो. पहिली उणीव सासरच्या मंडळींनी लग्न ठरतानाच पदरात घेतली होती. दुसरीची त्यांना कल्पना नव्हती.

ज्यांच्या अंगणातल्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात वाकून तांब्याने घेता येते, त्यांना लातूरचा माणूस म्हणजे काय हे समजावणे कठीण आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. त्याच्या थोडे आधी पाण्याच्या टाक्यांपाशी 144 कलम लागले होते. आमच्या घरी भाजी धुतलेले पाणी तुळशीला, कपड्यांचे पाणी फरशीला आणि फरशीचे पाणी संडासाला जाते. पेल्यात उरलेले घोटभर पाणी बेसिनमध्ये ओतणाऱ्या पाहुण्याला आमची आई दुसऱ्यांदा जेवायला बोलावत नाही.

घरच्या महालक्ष्म्या उठल्यावर आम्ही दोघे निघालो. फोंडा घाट उतरू लागलो तसा पाऊस लागला आणि पुढचे पाच दिवस तो थांबला नाही. सासरचे सात दिवसांचे गणपती त्याच संध्याकाळी पोचवले गेले. श्रावण आणि चतुर्थी मिळून जवळजवळ दीड महिना घरात वशाट बंद असल्यामुळे आरती संपताच सगळ्यांच्या बोलण्यात मासळी आली. मला त्यातले काही कळत नव्हते. मी न्हाणीघरात होतो.

तिथे तांब्याचा हंडा काठोकाठ भरून चुलीवर तापत होता. मी सवयीप्रमाणे अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून चार मिनिटांत बाहेर आलो, तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला. "पाणी गरम नाय होता काय?" असे त्यांनी दोनदा विचारले. मग विषय बदलावा म्हणून त्या म्हणाल्या, "जावयबापू, उद्या मी मोरी करतंय हां."

आता आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासण्याची आणि प्रसंगी अंघोळीचीही जागा. जावई चार मिनिटांत बाहेर आला म्हणून या माउलीने गवंडी बोलवायचे ठरवले, असे वाटून मला गहिवरून आले. "अहो, एवढा खर्च कशाला? आहे ती मोरी उत्तम आहे. मी विहिरीवरसुद्धा अंघोळ करीन," असे मी कळकळीने सांगितले. माजघरात क्षणभर शांतता पसरली, आणि मग माझा बारा वर्षांचा मेहुणा पोट धरून लोळू लागला. "भावजी, मोरी म्हंजे मासो!" मोरी म्हणजे लहान शार्क, आणि तिच्या रश्शाला तिकडे मोरीचे मटण म्हणतात, हे ज्ञान मला असे सर्वांसमक्ष झाले. माझ्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ होणार होती, तो भाग वेगळा.

खरा घोटाळा रात्री झाला. कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांचा आवाज ऐकत मी अंथरुणात पडलो होतो. शहरी माणसाला तो आवाज रम्य वाटत असेल. मला तो उघड्या राहिलेल्या नळाचा वाटत होता. दीडच्या सुमारास मला राहवेना. मी हळूच उठलो, पडवीतली एक बादली पागोळ्यांखाली ठेवली, ती दोन मिनिटांत भरली, म्हणून दुसरी ठेवली, आणि मग स्वयंपाकघरात शिरलो. पहाटेपर्यंत त्या घरात कोरडे भांडे म्हणून उरले नाही. कढया, टोप, पराती, पिठाचा रिकामा डबा, सगळे काठोकाठ भरून पडवीत ओळीने मांडले होते आणि मी त्यांच्याकडे बघत कृतार्थ मनाने बसलो होतो.

सकाळी सासरेबुवा मोरीचे वाटे घेऊन बाजारातून आले आणि उंबऱ्यातच थबकले. "ह्या कोणी भरल्यान?" त्यांनी विचारले. मी उभा राहिलो. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाहेर कोसळणाऱ्या पावसाकडे पाहिले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, "बाबा रे, पाणी खंय पळान जातला?" त्यानंतर मासळीला टोप हवा म्हणून सासूबाईंनी सगळ्यांत मोठा टोप उचलला आणि माझ्यासमोर, सरळ अंगणात, भर पावसात ओतून दिला. मला घरात मासे शिजण्याचे काहीच वाटले नाही. तो टोप मात्र मला बघवेना. मी तोंड फिरवले.

निघताना इतर जावयांना आमसुले, आगळ आणि फणसपोळी मिळते. मलाही मिळाली. शिवाय सासूबाईंनी विहिरीच्या पाण्याने भरलेला 20 लिटरचा कॅन गाडीत ठेवला आणि त्यावर टॉवेल पांघरला. "घेवन जावा, थंय नसता मां."

लातूरला पोचल्यावर आमच्या आईने आमसुलांची पुडी बाजूला सारली, कॅनचे झाकण उघडून वास घेतला, वाटीभर पाणी चाखले आणि म्हणाली, "विहीणबाई समजदार दिसलाल्या."