‘गावीही नाही’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

त्रिकोणाचे कोन काढण्याविषयीच्या माझ्या मागील लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचली, कारण गणित जाणणारी व्यक्ती अनोळखी माणसाला या भाषेत लिहील, यावर प्रथम विश्वास बसला नव्हता.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ कोन ३०°, त्याच्या समोरची बाजू बक ५ सें.मी. आणि बाजू अक ८ सें.मी. असलेल्या त्रिकोणात मी साइन नियमाने (बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाचा साइन यांचे गुणोत्तर तिन्ही बाजूंसाठी सारखेच असते) ब कोनाचा साइन ०.८ काढला, कोन ५३.३१° लिहिला आणि पुढे गेलो. आपले म्हणणे असे की आकडा ५३.१३° हवा, १२६.८७° हेही उत्तर तितकेच खरे आहे आणि ‘साइन’ऐवजी ‘ज्या’ हा शब्द वापरायला हवा. एवढ्यावर थांबला असतात तर मी आभार मानून मोकळा झालो असतो. परंतु शेवटी आपण लिहिता, ‘दोन उत्तरे संभवतात हे लेखकाच्या गावीही नाही, क्लासवाल्यांनी मुलांना उत्तर काढायला शिकवले, विचार करायला नाही.’

आकड्याची चूक मान्य आहे. अंकांची अदलाबदल झाली, आणि लेखाची शेवटची तपासणी मी संध्याकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून मोबाइलवर केली होती, हे कारण म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो.

आता ‘गावीही नाही’विषयी. माझे बालपण परळच्या चाळीत गेले. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली ती कायमची, आणि घरात शिकवणीसाठी पैसे नसल्याने मी जे गणित शिकलो ते शाळेतल्या एका सरांकडून. फळ्यावरचा लाकडी कंपास मोडलेला होता, म्हणून सरांनी खडूला सुतळी बांधली, क बिंदूवर अंगठ्याने तिचे दुसरे टोक दाबून धरले आणि कंस फिरवला. खडूची पूड त्यांच्या बाहीवर पडत होती आणि कंस पायारेषेला एकदा नव्हे, दोनदा छेदून गेला. सर काहीच बोलले नाहीत. फक्त दोन्ही छेदबिंदूंवर खडू टेकवून आमच्याकडे पाहत राहिले. वरच्याच त्रिकोणाची मापे घेतली तर अ कोन ३०° असल्याने क पासून पायारेषेपर्यंतचा लंब ८ च्या निम्मा, म्हणजे ४, आणि सुतळी ५ ची. लंबाहून लांब पण ८ हून आखूड असल्यावर ती दोन ठिकाणी टेकणारच. एक छेदबिंदू अ पासून सुमारे ३.९३ वर, दुसरा ९.९३ वर. ज्याने हे चौदाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले, त्याच्या ते गावी नाही असे आपण कोणत्या आधारावर लिहिता?

राहिला ‘क्लासवाले’ हा शब्द. दादरला एका खोलीत मी सव्वीस वर्षे शिकवतो आहे. तिथे भिंतीवर गुणवंतांचे फोटो नाहीत, मुले चपला जिन्यात काढून सतरंजीवर बसतात. मोठाल्या जाहिराती करणाऱ्यांवरचा राग आपल्याला काढायचा असेल तर तो जरूर काढावा. माझ्या खोलीत मात्र तो आणू नये.

दुसरे उत्तर मी का दिले नाही, हा आपला प्रश्न रास्त असू शकतो. साइन नियमाशी नुकतीच ओळख झालेल्या बारावीच्या मुलांसाठी तो लेख होता आणि सोबतच्या आकृतीत ब लघुकोन आहे हे स्पष्ट दिसत होते. आकृती प्रमाणात नाही, अशी टीप तिच्याखाली होती हे खरे. परंतु ती पाठ्यपुस्तकांच्या रीतीप्रमाणे घातलेली टीप आहे, लेखकावर खटला चालवण्याचे कलम नव्हे. शिवाय त्याच लेखातले दुसरे उदाहरण आपण वाचलेले दिसत नाही. बाजू ३, ५ आणि ७. तिथे मी मुद्दाम तिन्ही बाजूंवरून कोन देणारा कोसाइन नियम घेतला. ९ अधिक २५ वजा ४९, भागिले ३०, म्हणजे उणे अर्धा, आणि ७ समोरचा कोन १२०°. साइन नियमाने गेले असता तिथे साइन ‘३ चे वर्गमूळ’ भागिले २ येतो, जो ६०° चाही असतो आणि १२०° चाही, आणि घाईतला विद्यार्थी ६०° लिहून मोकळा होतो. कोसाइनचे उणे चिन्ह विशालकोन आपणहून सांगते, साइन सांगत नाही. हा विचार नव्हे तर काय?

‘ज्या’बद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास वापरलेली ‘ज्या’ अरबीत आणि तिथून लॅटिनमध्ये जाऊन ‘सायनस’ झाली आणि साइन होऊन परत आली; माहेरी आलेल्या लेकीला नाव बदलायला मी सांगणार नाही.

५३.३१ चे ५३.१३ मी आज सकाळी केले आहे. उत्तराखाली १२६.८७° ची एक ओळही जोडली आहे, मात्र ती आपल्या प्रतिक्रियेमुळे नव्हे. काल संध्याकाळी मागच्या ओळीत बसणाऱ्या एका मुलीने वहीत कंपास फिरवला आणि ‘सर, हा दुसरा बिंदू कुठे गेला?’ असे विचारले, म्हणून.