जमीन मीटरात, दार इंचात

मोपाच्या विमानतळानंतर पेडण्याकडे जमिनीचे भाव कसे चढले हे गोवेकरांना सांगायला नको. त्या भावांच्या पाठोपाठ आता एक नवा वाद आलाय. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी एका प्लॉटची जाहिरात टाकली, दर स्क्वेअर फुटाला. लगेच एकाने ठणकावलं, "गोव्यात जमीन मीटरावर विकतात, फूट हे दिल्लीच्या बिल्डरांचं खूळ." दुसरा म्हणाला, मीटर तरी कुठे आपला, तो पोर्तुगिजांचा, आपले ते हात आणि वीत. तिसऱ्याचं म्हणणं, फोनवर कन्व्हर्टर असताना भांडता कशाला? मी इंग्लंडात स्विंडनला राहतो, इमारती सामानाच्या दुकानात काउंटर सांभाळतो आणि मिलिमीटर-इंचांच्या धुमश्चक्रीवरच माझं पोट चालतं. त्यामुळे यात तोंड घालायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधी ‘आपलं कुठलं’ याचा निकाल लावू. पोर्तुगालने मेट्रिक पद्धतीचा हुकूम १८५२ साली काढला, भारताने तसा कायदा १९५६ मध्ये केला आणि गोवा मुक्त झाला १९६१च्या डिसेंबरात. म्हणजे इथे मीटर दोन्ही दारांनी आला. मुक्तीनंतरची जमीन मोजणीही मीटरातच झाली; फॉर्म एक-चौदावर, म्हणजे आपल्या जमिनीच्या उताऱ्यावर, हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात, फुटाला तिथे रकानाच नाही. फुटाचा अभिमान बाळगणाऱ्यांचीही गंमत आहे. १९५९ साली इंग्लंड-अमेरिकेसकट सहा देशांनी ठरवून टाकलं की एक यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर. म्हणजे इंच बरोबर २५.४ मिलिमीटर आणि फूट ०.३०४८ मीटर. तेव्हापासून फुटाला स्वतःचा वेगळा आधार उरलेला नाही, तो मीटरावरूनच मोजला जातो.

आणि आपली रेल्वे? मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारा रूळ पोर्तुगीज हद्दीत इंग्रज कंपनीने टाकला, तो मीटरगेज. ही मीटरची रुंदीही इंग्रजांचीच निवड. १८७०च्या सुमारास हिंदुस्थानात मेट्रिक पद्धत आणायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून सव्वातीन फुटांच्या आसपासचं माप त्यांनी नेमकं एक मीटर केलं. मेट्रिक पद्धत काही तेव्हा आली नाही, रूळ मात्र राहिले. पुढे १९९०च्या दशकात स्वतंत्र, मेट्रिक भारताने ते उखडून ब्रॉडगेज टाकला, म्हणजे साडेपाच फूट. कागदावर १६७६ मिलिमीटर लिहितात, पण माप फुटाचंच. आता यात कोण देशी आणि कोण परकं ते त्या गटाने ठरवावं.

इथे इंग्लंडात सरकारने मेट्रिकीकरणासाठी १९६९ मध्ये खास मंडळ नेमलं आणि काम अर्धवट असतानाच १९८० मध्ये गुंडाळलं. परिणाम रोज बघतो. रस्त्यावरचे फलक मैल आणि यार्डात, पण मोटरवेच्या कडेला दर शंभर मीटरवर देखभालवाल्यांचे खुणेचे खांब. पेट्रोल लिटरने, बिअर पाइंटाने. गिऱ्हाईक येतं आणि मागतं, "चार बाय दोन द्या, तीन मीटर." लाकडाची जाडी-रुंदी इंचात, लांबी मीटरात, एकाच दमात! आणि मी ते न अडखळता देतो. प्लायवुडची शीट २४४० बाय १२२० मिलिमीटर, म्हणजे आपली आठ बाय चार फुटांची. तिला टेकून ठेवलेला प्लास्टरबोर्ड मात्र २४०० बाय १२००. तांब्याची नळी १५ मिलिमीटरची, पण ती ज्या नळाला जोडायची त्याचे आटे अर्ध्या इंचाचे.

सगळ्यात मजेशीर प्रकरण दारांचं. घरातल्या नेहमीच्या दाराच्या लेबलवर लिहिलेलं असतं १९८१ बाय ७६२ मिलिमीटर. नवीन आलेला सुतार चक्रावतो, की असला विचित्र आकडा कुणाला सुचला? हे जुनं ७८ बाय ३० इंचांचं दार, कपडे तेवढे मिलिमीटरचे. त्याच्याच शेजारी खऱ्या मेट्रिक मापाचं दार उभं असतं, २०४० बाय ७२६. सातशे बासष्ट आणि सातशे सव्वीस! घाईत लिहिलेल्या चिठ्ठीत दोन आकडे आपापसात जागा बदलतात, ३६ मिलिमीटर कमी रुंदीचं दार गाडीवर चढतं आणि दुपारी परत येतं. तीस इंच असं म्हटलं असतं तर हा घोटाळा झालाच नसता.

तरीही या देशाचं फारसं अडत नाही. २०२२ मध्ये तेव्हाच्या सरकारला दुकानांत जुनी मापं परत आणायची हुक्की आली, त्यांनी लोकांची मतं मागवली. लाखावर उत्तरं आली आणि जवळजवळ ९९ टक्क्यांनी मेट्रिकच राहू द्या असं सांगितलं. तीच माणसं स्वतःची उंची फुटांत सांगतात. माझ्या मते या खिचडीवर त्यांचं पोट भरतं ते एका कारणाने: ज्या वस्तूचं जे माप ठरलंय ते सगळ्यांचं एकच आहे. बिअरचं पाइंटात, प्लास्टरबोर्डचं मिलिमीटरात, अंतराचं मैलात. अडतं ते एकाच वस्तूला दोन मापं आली की, दारांसारखं.

गोव्यातही हेच आहे. आमच्या गावचा मेस्त, म्हणजे सुतार, प्लायवूड आठ बाय चार फुटांचं मागतो, जाडी एकोणीस एमएम सांगतो आणि फळी तासताना "आणखी दोन सूत काढ" म्हणतो; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या खिडक्या नीट बसतात. टीव्ही इंचात, कापड मीटरात, टायरची रुंदी मिलिमीटरात आणि त्याच टायरची रिम इंचात. कुणाचं काही बिघडलेलं नाही, मेस्ताला मेट्रिक शिकवायला निघण्याची काहीच गरज नाही.

जमिनीचं बिघडतं, कारण तिथे एकाच वस्तूला दोन मापं लागली आहेत आणि वरून पैसा मोठा. चारशे चौरस मीटरांचा प्लॉट घ्या. दर वीस हजार रुपये मीटर धरला, तर ऐंशी लाख. दलाल म्हणतो, "एक शून्य काढा, दोन हजार रुपये फूट, हिशेबाला सोपं." सोपं खरं, पण एका चौरस मीटरात १०.७६४ चौरस फूट असतात. चारशे मीटरांचे झाले ४३०६ फूट आणि दोन हजारांनी किंमत गेली शहाऐंशी लाखांच्या वर. शून्य काढण्याची फी सहा लाख! आता उलट बाजू बघा. विकणारा एखादा म्हातारा काका, त्याच्या डोक्यात ‘मीटर म्हणजे तीन फूट’ बसलेलं. तीन त्रिक नऊ, चारशे गुणिले नऊ, छत्तीसशे फूट. त्याच दोन हजारांनी त्याच्या हातात बहात्तर लाख. लांबीत ही चूक नऊ टक्क्यांच्या आतबाहेर असते, क्षेत्रफळात ती सोळावर जाते. हे गणित सातवीच्या मुलाला येतं, पण सौदा करायला सातवीचा मुलगा जात नाही.

म्हणून तिसऱ्याचा कन्व्हर्टर मला पटत नाही. आकडा तो बरोबर बदलतो. पण जाहिरातीत माप बदलताना बहुतेक वेळा मोजायची गोष्टही गुपचूप बदललेली असते. फ्लॅटच्या पत्रकात मोठ्या अक्षरात स्क्वेअर फूट, आणि ते असतात सुपर बिल्ट-अप: जिना, लॉबी, लिफ्ट, सगळ्यांचा वाटा धरून. कराराच्या कागदावर चौरस मीटर, आणि ते कार्पेट एरियाचे, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींच्या आतले तेवढे. बिल्डरांवर लगाम घालणाऱ्या रेरा कायद्याने २०१६ मध्ये कार्पेट एरियाची व्याख्या केली ती याच लबाडीसाठी. गिऱ्हाईक दहा पूर्णांक काहीतरीने भागतं, जुळत नाही, आणि आपलंच गणित कच्चं असं समजून गप्प बसतं. माप एकच असतं तर ८५ मीटर आणि ६२ मीटर हे दोन आकडे शेजारी उभे राहिले असते आणि मधले तेवीस मीटर कुठे गेले हे कुणीही विचारलं असतं.

परदेशातल्या आपल्याच लोकांना फुटांत कळतं म्हणून आम्ही तसं लिहितो, असंही दलाल सांगतात. दुबई, लंडन, टोरांटोहून चौकशी करणारे फुटांतच विचारतात हे खरं आहे. मग विचारू देत की. घर घ्यायला गोव्यात येणाऱ्याने १०.७६४ने गुणायचे कष्ट स्वतः घ्यावेत, त्यासाठी गावातल्या विकणाऱ्याने आपल्या उताऱ्यावर नसलेलं माप का शिकावं? वैधमापन कायदा २००९चा आहे आणि दर मेट्रिक मापातच सांगावा असं त्यात लिहिलेलं आहे, त्यामुळे नवी चळवळ वगैरे काढायला नको. गटावर जाहिरात आली की भांडणाऐवजी एवढंच विचारा: फॉर्म एक-चौदावर क्षेत्र किती आणि मीटरचा दर काय? उत्तर देताना समोरचा ‘साधारण’ म्हणाला, तर सर्व्हे प्लॅन मागा. गावाचा असेल तर त्याचं प्रमाण बहुतेकदा एकास हजार असतं, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. त्या पट्टीची दुसरी कड इंचांची असेल, ती बाजू तेवढी खाली ठेवा.