ओहोटीची वेळ आधी बघता येत नाही का?

नुसता संताप झालाय. दिवाळीच्या सुट्टीत कच्छच्या आखातातली बेटं एका दिवसात दाखवतो म्हणून बडोद्याच्या एका टूरवाल्याने माणशी साडेचार हजार घेतले. रात्रीची बस, सकाळी नरारा बेटावर प्रवाळ, दुपारी बेट द्वारका आणि परत. प्रवाळाचा एक तुकडासुद्धा दिसला नाही.

नराराला प्रवाळ बघायचं तर पाणी ओसरल्यावर चालत आत जावं लागतं. त्या दिवशी पूर्ण ओहोटी पावणेनऊला होती. भरती-ओहोटीचे तक्ते वर्षभर आधी तयार असतात, वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. यात न कळण्यासारखं काय आहे? आणि ह्या माणसाने राजकोटच्या अलीकडे बस दीड तास उभी केली, चहा-गाठियांसाठी! मी दोनदा खाली उतरून सांगितलं, अहो पाणी चढेल. "थई जशे, बेन." म्हणजे होऊन जाईल, ताई. काय थई जशे? समुद्र तुमच्या गाठियांसाठी थांबणार होता?

साडेअकराला पोचलो. गाइडने लांबूनच हात हलवला, "पाणी आवी गयुं."

माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. बडोद्यातल्या दांडिया बाजारातून सायकलने शाळेत जाऊन तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं त्यांनी. प्रवाळ शिकवायचं ते प्रयोगशाळेच्या कपाटातला पांढरा, वाळका तुकडा मुलांच्या हातात देऊन. १९८२ साली देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान ह्याच आखातात झालं, तेव्हापासून जिवंत प्रवाळ बघायचं त्यांच्या मनात होतं. पाय कापू नयेत म्हणून बडोद्यातल्याच मांडवी बाजारातून नवे कॅनव्हासचे बूट आणले होते. काठावर बसून त्यांनी ते घातले, नाड्या बांधल्या, पाण्याकडे बघत बसले आणि दहा मिनिटांनी एक अक्षर न बोलता सोडले. मला तिथेच रडू कोसळलं.

बेट द्वारकेला तर सुदर्शन सेतूवरून बसनेच नेलं, धावतपळत दर्शन, चला. ही म्हणे बेटांची सफर.

परत आल्यावर पैसे मागितले तर म्हणतो, "कुदरती कारण, आमच्या हातात काही नव्हतं." खोटं आहे हे साफ! बस कधी हलवायची ते तुमच्याच हातात होतं. निम्मे पैसे देतो म्हणाला. मला निम्मे नकोत, पूर्ण हवेत, आणि बाबांची माफी मागायला त्याने स्वतः घरी यायला हवं.