स्पंजला हात लावू नका

सोलापुरात पाहुण्याला भाकरी मिळते, शेंगाचटणी मिळते, निघताना हातात चादरही पडते. पाणी मात्र विचारून मागावं. उजनी 100 टक्के भरल्याचा फोटो पेपरात बघत आम्ही चौथ्या दिवशी रिकामा पिंप वाजवत असतो. अशा घरात मी दोन गोल्डफिश आणले. पोरीचा हट्ट, दुसरं काय.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ 56 लिटर. "एवढ्यात माझं दोन दिवसांचं धुणं होतंय," आई म्हणाली.

दुकानदारानं स्पंज फिल्टर दिला. "हवेच्या पंपाला नळी जोडायची, नळी फिल्टरला. दोन मिनिटांचं काम, मालक."

नळी बसेना. गरम पाण्यात बुडवून मऊ केली, तेव्हा बसली आणि बोटही भाजलं. स्पंज तळाला ठेवला की बुडबुड करत वर यायचा. पाचव्यांदा कळलं, त्याला पाण्यातच पिळून आतली हवा काढावी लागते. तोवर शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत ओल्या. शेवटी बुडबुडे निघाले, पोरीनं टाळ्या वाजवल्या, मी पंप खाली फरशीवर ठेवून झोपलो.

रात्री लाईट गेली. पंप बंद पडला आणि टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं, पंपातून थेंबथेंब फरशीवर यायला लागलं. पहाटे आईचा पाय पडला तेव्हा टाकी निम्मी होती. टॉवेलचं गाव ते, घरातले सातही टॉवेल आम्ही अंथरले. आईनं एकेक उचलून बादलीत पिळला. "तुळशीला होईल."

सकाळी दुकानात गेलो.

"नळीत चेक व्हॉल्व्ह लावायचा असतो की, पाणी उलटं येऊ देत नाही तो. नाहीतर पंप टाकीच्या वर ठेवायचा."

"काल सांगितलं नाहीत?"

"विचारलं नाहीत की, मालक."

पुढचे तीन आठवडे बरे गेले. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. आईला 'जिवाणू' एवढंच ऐकू आलं असावं. पाणी आलेल्या दिवशी तिनं तो तपकिरी स्पंज नळाखाली धरला आणि कपड्याच्या साबणानं पांढराशुभ्र केला.

दुसऱ्या दिवशी टाकीत ताक. मासे वर तोंड काढून आ वासतायत.

"आई, तू सगळे जंतू मारलेस!"

"मग? पाळायचे होते काय?"

आता रोज पाव टाकी पाणी बदलायचं आलं, आणि तेही क्लोरीन उडून गेलेलं, म्हणजे दिवसभर उघडं ठेवलेलं. इथं मात्र सोलापूर कामी आलं. आमच्याकडं क्लोरीन उडायला चार-चार दिवस मिळतात. नळाला नवं आलं की शिळं ओतून टाकायची आईची सवय. हल्ली ती बायकोवर ओरडते, "शिळं सांडू नको गं, माशांना लागतंय!"

स्पंजही तीच धुते. टाकीतलंच पाणी तांब्यात काढायचं, त्यात दोनदा हलकं पिळायचं, साबण नाही. पिळताना पदर नाकाला आणि मान दुसरीकडं.