‘रडगाणं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

लिहिताना हात का अडतो, या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘ताई, दर दोन लेखांनी हे रडगाणं कशाला? स्वतःवर विश्वास नाही म्हणून टोपणनावाआड लपता आणि वर सहानुभूती मागता. कथांचे शेवट गुंडाळलेले असतात, बायका सगळ्या एकाच सुरात बोलतात, आणि शुद्धलेखनाबद्दल न बोललेलंच बरं.’

शुद्धलेखनाचं आधी. ‘सूचना’ मी तीन ठिकाणी ऱ्हस्व लिहिलं होतं. चूक माझीच, काल रात्री दुरुस्त केली. आभार. शेवट आणि बायकांचा सूर ही तुमची आवड झाली, त्यावर वाद घालत बसायला मला सवड नाही.

पण सहानुभूती मी कुठे मागितली? सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणलं, चांगलं काही वाचलं, की पुढचे दोन दिवस मला स्वतःचं काही लिहवत नाही, एवढंच त्या लेखात होतं. जे होतं ते सांगितलं. समोर बसला असतात तर हाच शब्द वापरला असतात का? मुद्दा मांडा, माझी ना नाही. आधी ‘ताई’ म्हणायचं आणि लगेच ‘रडगाणं’, ही कुठली रीत?

विश्वास नाही म्हणता, तर तो कुठे गेला तेही ऐका. आमचं गाव दिंडोरी तालुक्यातलं. आठवीत ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध होता. वर्गात बहुतेकांनी पावसाळा लिहिला. मी ऑक्टोबरातले गोडी छाटणीचे, म्हणजे फळासाठी द्राक्षवेली छाटतात ते दिवस लिहिले. आई-वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत कामाला जायचे. छाटलेल्या काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावावी लागते. आईचा हातमोजा अंगठ्याशी फाटलेला होता, तिथली कातडी सोलून निघायची, आणि त्या दिवसांत भाकरी मी थापायचे. हे सगळं निबंधात होतं. गुरुजींनी माझी वही सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि विचारलं, ‘कुठून उतरवलंस?’ माझंच आहे, म्हटलं. ‘खोटं बोलू नकोस’ म्हणाले आणि पानावर लाल शाईनं तिरकी रेघ ओढली. शाई मागच्या पानावर उमटली होती, भूगोलाच्या नकाशावर.

आज मी छत्तीस वर्षांची आहे. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, मुलं झोपली की लिहायला बसते. एखादं वाक्य मनासारखं उतरलं की आनंदाच्या आधी तो प्रश्न येतो : कुठून उतरवलंस? मग घरातली पुस्तकं काढून बघत बसते, हे आपण कुठे वाचलेलं तर नाही ना. गेल्या महिन्यात एका वाक्यापायी दोन रात्री गेल्या. कुठेच सापडलं नाही. तरी खोडून टाकलं. याला तुम्ही रडगाणं म्हणता. ज्यानं हे भोगलेलं नाही त्याला म्हणायला सोपं आहे.

आता टोपणनाव. तुम्ही स्वतः नाशिकच्या कॉलेज रोडचे आहात असं मागे एकदा लिहिलं होतंत. शिरवाडकर ज्या गावात ‘कुसुमाग्रज’ या नावानं कविता लिहीत राहिले, त्या गावचा माणूस टोपणनावाला लपणं म्हणतो, याचं मला वाईट वाटलं. आणि २०२१ मध्ये आपल्या नाशिकला साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रतही पत्नीकडून करून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांना आत्मविश्वास कमी होता असं मी म्हणत नाही, तेवढं मला कळतं. नाव बाजूला राहावं आणि कथा तेवढी तोलली जावी, हा त्यांचा हेतू. मलाही तेच हवंय. शिवाय भीतीही आहे, हो. स्टोअरमधल्या कुणी वाचून दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तोच प्रश्न विचारला तर मी काय करू?

आणि तुम्ही तरी कुठे खरं नाव लिहिलंत?

तो खोडलेला निबंध मी पुन्हा लिहायला घेतला आहे, गोडी छाटणीचाच, या वेळी कथा म्हणून. येत्या रविवारी इथे टाकते. शेवट गुंडाळलेला वाटला तर जरूर सांगा. फक्त ‘ताई’ म्हणणार असाल तर पुढचं वाक्यही तसंच लिहा.