डासांवर व्हीनस फ्लायट्रॅप? आधी कुंडीखालची ताटली बघा

पावसाळा लागला, डेंग्यूच्या बातम्या आल्या की नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'बाल्कनीत व्हीनस फ्लायट्रॅप लावा, डास गायब! चांगली खतमाती घाला, मधूनमधून चिकनचा तुकडा भरवा, झाड बारमाही हिरवं. बिया ऑनलाइन मिळतात, नाहीतर अंजनेरीवरून कीटकभक्षी रोपं फुकट आणा.' कीटकभक्षी झाडं हौसेने वाढवणाऱ्याला यातलं एकही वाक्य पचणारं नाही.

'डास गायब.' फ्लायट्रॅपच्या पानाच्या आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा धक्का लागला तर पान मिटतं. मग शिकार पचवायला आठवडा, कधी जास्तही. एका रोपाला असे सापळे पाच-सात. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या दोन्ही कॅरोलायना राज्यांच्या किनारी ओलसर भागातलं. तिथेही त्याला मुख्यतः मुंग्या, कोळी, भुंगे असे सरपटणारेच मिळतात. डासाएवढा जीव तर मिटत्या पानाच्या काठावरच्या दातांच्या फटीतून निसटूही शकतो. खरी गंमत पुढे आहे. या झाडाची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी लागते, आणि डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात! ताटली आठवड्याला रिकामी करून घासली नाही, तर डास घालवायला आणलेलं झाडच डास पोसेल.

'खतमाती घाला.' मारायचंच असेल तर घाला. जमिनीत नत्र-स्फुरद मिळत नाही म्हणून तर हे झाड किडे धरायला लागलं. खताने मुळं जळतात. पीट मॉस (कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), बस. बोअरचं जड पाणी नको, पावसाचं साठवा. आरओचं चालेल, पण त्याच्या नळीतून वाया जाणारं अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

चिकनबद्दल काय बोलायचं? ते सडतं आणि पान काळं पडतं.

'बारमाही हिरवं.' थंडीत हे झाड तीन-चार महिने झोपतं, पानं काळवंडतात, आणि लोक मेलं म्हणून फेकून देतात. आपल्या जिल्ह्यातल्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. या झोपेला लागणारी थंडी मुंबईकर हौशींना मिळत नाही, आपल्याला फुकट मिळते. कुंडी बाहेरच राहू द्या.

'अंजनेरीवरून आणा.' अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथून काही उपटायचं नाही. शिवाय सह्याद्रीच्या पठारांवरची सीतेची आसवं ही कीटकभक्षी रोपं ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडतात. डासाशी त्यांचा संबंध नाही, आणि कुंडीत आणलीत तर बहुधा मरतीलच. नॉर्थ कॅरोलायनात जंगलातला फ्लायट्रॅप चोरणं २०१४ पासून गंभीर गुन्हा आहे, तो अशाच फुकट्या हौसेमुळे.

'बिया ऑनलाइन.' निळ्या फ्लायट्रॅपचा फोटो दिसला की पुढे जा, असं झाड नसतं. खरं बी बारीक, काळं, चकचकीत असतं आणि त्यापासून पूर्ण रोप व्हायला तीन-चार वर्षं जातात. टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोप नर्सरीतून घ्या, किंवा कुणा हौशीकडून फुटवा मागा आणि बदल्यात आपल्याकडचा ड्रोसेरा (चिकट पानांचं कीटकभक्षी झाड) द्या.